ग्रेडलचा बिल्ड मोजायचा तर: प्रोफाइल रिपोर्ट, बिल्ड स्कॅन की ग्रेडल प्रोफायलर?

ग्रेडल म्हणजे कोड कंपाइल करून अ‍ॅप तयार करणारं साधन, आणि या कामाची एक फेरी म्हणजे बिल्ड. बिल्ड रेंगाळतो म्हणून कोणी मेमरी वाढवतं, कोणी कॉन्फिगरेशन कॅश (आधीच्या बिल्डची तयारी जपून पुन्हा वापरणारी सोय) चालू करतं आणि दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये ‘आता बरा वाटतोय’ म्हणून विषय मिटतो. खरंच बरा झालाय का, हे बघायला ग्रेडलकडे तीन साधनं आहेत. तिन्ही फुकट वापरता येतात. गोंधळ होतो तो एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेताना.

सगळ्यात सोपा प्रोफाइल रिपोर्ट. नेहमीच्या कमांडला --प्रोफाइल जोडलं की बिल्ड/रिपोर्ट्स/प्रोफाइल या फोल्डरात एचटीएमएल फाइल पडते. कॉन्फिगरेशन (बिल्डची तयारी), डिपेंडन्सी रिझोल्यूशन (लागणाऱ्या लायब्ररी शोधणं) आणि टास्कचा (बिल्डमधल्या एकेका कामाचा) वेळ वेगवेगळ्या टॅबवर दिसतो. काहीही मशीनबाहेर जात नाही, इंटरनेटही लागत नाही. मात्र ‘टास्क एक्झिक्यूशन’चा आकडा ही सगळ्या टास्कच्या वेळांची बेरीज असते. पॅरलल बिल्डमध्ये ती एकूण वेळेपेक्षा जास्त भरते, आणि रिपोर्टच चुकीचा आहे असा समज होतो. टाइमलाइन नाही, त्यामुळे कोण कोणासाठी थांबलं ते कळत नाही. दोन रिपोर्टची तुलना म्हणजे दोन टॅब उघडून डोळ्यांनी बघणं. त्यातही मध्ये क्लीन (बिल्ड फोल्डर पुसणारी टास्क) चालवलं तर जुना रिपोर्ट बिल्ड फोल्डरासोबत उडू शकतो. आधी तो बाहेर कॉपी करून ठेवा.

बिल्ड स्कॅनला (--स्कॅन) टाइमलाइन आहे आणि ती उत्तम आहे. कुठली टास्क खरोखर चालली, कुठली ‘अप-टू-डेट’ ठरली (काही बदललं नाही म्हणून वगळली गेली), कुठली कॅशमधून आली, हे एका नजरेत दिसतं. शेवटी एकच लांब टास्क चालतेय आणि बाकीचे वर्कर रिकामे बसलेत, हे चित्र दिसलं की मॉड्यूल कुठे फोडायचं ते वेगळं सांगावं लागत नाही. किंमत अशी की माहिती ग्रेडलच्या सर्व्हरवर जाते: प्रोजेक्ट आणि टास्कची नावं, डिपेंडन्सी, युजरनेम, होस्टनेम. सोर्स कोड जात नाही, पण लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला हे सगळं दिसतं. क्लायंटच्या प्रोजेक्टवर आधी परवानगी घ्या. आणि दोन स्कॅन शेजारी ठेवून तुलना करण्याची सोय फुकटच्या सर्व्हरवर नाही; ती डेव्हलॉसिटी या विकतच्या उत्पादनात मिळते.

पण ‘या बदलाने फरक पडला का?’ हा प्रश्न असेल, तर वरची दोन्ही साधनं अपुरी. ती एका बिल्डचा फोटो देतात. पहिला बिल्ड थंड, म्हणजे नुकत्याच सुरू झालेल्या डेमनवर (पार्श्वभूमीला चालू राहणाऱ्या ग्रेडलच्या प्रक्रियेवर), दुसरा तापलेल्या. एवढ्यानेच आकडे हलतात. इथे ग्रेडल प्रोफायलर लागतो. तो वेगळा इन्स्टॉल करावा लागतो. सिनॅरिओ म्हणजे मोजायची एक परिस्थिती. सिनॅरिओ फाइलमध्ये टास्क लिहायची, तीच टास्क दुसऱ्या सिनॅरिओत कॉन्फिगरेशन कॅशसह लिहायची आणि --बेंचमार्क देऊन चालवायचं. प्रत्येक सिनॅरिओचे आधी 6 वॉर्म-अप बिल्ड होतात, मग 10 मोजले जातात. दोन सिनॅरिओंचे 32 बिल्ड. मिनिटाचा बिल्ड असेल तर अर्धा तास गेला. निकाल आलेखासह एचटीएमएलमध्ये आणि सीएसव्हीमध्येही मिळतो.

काहीच न बदलता तीच टास्क पुन्हा चालवली तर सगळं ‘अप-टू-डेट’ येतं आणि तुम्ही रिकामा बिल्ड मोजत बसता. म्हणून सिनॅरिओत एखाद्या फाइलवर अप्लाय-एबीआय-चेंज-टू लावा (एबीआय म्हणजे कोडचा इतर मॉड्यूलना दिसणारा भाग). दर वेळी पब्लिक मेथड बदलते आणि त्या मॉड्यूलवर अवलंबून असलेले मॉड्यूलही पुन्हा कंपाइल होतात. नॉन-एबीआय प्रकारात बदल मेथडच्या आत राहतो, अवलंबून असलेले मॉड्यूल बहुतेक वाचतात. रोजचं काम या दोन्हींच्या मधलं असतं, दोन्ही मोजा.

हमखास अडकायला होतं ते एका ठिकाणी. प्रोफायलर आपलं वेगळं ग्रेडल युजर होम (ग्रेडलची सेटिंग आणि उतरवलेल्या लायब्ररी ठेवण्याचं फोल्डर) वापरतो. त्यामुळे पहिल्यांदा सगळ्या डिपेंडन्सी पुन्हा उतरतात. तुमच्या होम फोल्डरातल्या ग्रेडल डॉट प्रॉपर्टीजमधली मेमरीची सेटिंग लागू होत नाही, खासगी रिपॉझिटरीचा पासवर्ड तिथे असेल तर बिल्डच पडतो. --ग्रेडल-युजर-होम देऊन मार्ग निघतो.

आकडे वाचताना मध्यक बघा, सरासरी नको. एक बिघडलेला बिल्ड सरासरी ओढून नेतो. समजा मध्यक 21.4 वरून 20.6 सेकंदांवर आला, पण एकाच सिनॅरिओचे दहा आकडे 19.8 ते 23 मध्ये फिरताहेत, तर सुधारणा झाली असं म्हणू नका. सिनॅरिओ एकामागून एक चालतात, म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला तापलेला लॅपटॉप येतो. चार्जर लावा, आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) बंद ठेवा, आणि एकदा सिनॅरिओ वेगवेगळे, उलट क्रमाने चालवून पाहा.

आमचं मत: बिल्ड नेमका कुठे अडतोय ते शोधायचं असेल तर स्कॅन, माहिती बाहेर पाठवता येत नसेल तर नाइलाजाने प्रोफाइल रिपोर्ट, आणि मर्ज करावं की नाही हे ठरवताना फक्त प्रोफायलर. तो मध्येच कंट्रोल-सी मारून थांबवलात तर मात्र कमिटच्या आधी गिट स्टेटस बघा. त्याने फाइलमध्ये घुसवलेली मेथड तिथेच राहिलेली असू शकते.