मिरजेत जवारी लावायची असेल तर दिवस मोकळा ठेवा

दुकानाचं नाव देत नाही. दुकानाचे मालक, आमचे चाचा, त्यांनीच बजावलंय, "बाई, तेवढं छापू नका, आहे तेच काम उरकंना." सतारमेकर गल्लीत शिरलात की दोन्ही बाजूंना तंबोऱ्यांचीच दुकानं आहेत. त्यात निळ्या फळ्यांचं, ज्याच्या माळ्यावर भोपळे छतापर्यंत रचलेत ते. तरी सापडलं नाही तर कुठल्याही दारात विचारा, शेजारचा दुकानदार स्वतः उठून दाखवायला येतो. धंद्यातली ही दिलदारी मी दुसऱ्या कुठल्या बाजारात पाहिली नाही.

आधी कामाचं सांगते. मी काळी चार पट्टीत गाते. नाट्यगीतं, अभंग, थोडी भावगीतं, असे आमचे कार्यक्रम असतात. टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर तंबोरा आडवा, त्याच्या पायथ्याशी तबल्याच्या बॅगा. तंबोऱ्याची जवारी (घोडी कानशीने घासून नाद मोकळा करायचं काम) आधी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानातून करून घेतली होती. पैसे भरपूर घेतले आणि तंबोरा मुका करून परत दिला. पंचम बोलेना, जोडाच्या तारा पत्र्यासारख्या करकरायला लागल्या, खर्ज नुसता घुमायचा.

चाचांनी चारही तारा एकदा छेडल्या आणि काही न बोलता खुंट्या सैल केल्या. ज्या पट्टीवरून तारा जातात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तसा नसतो. त्याला अगदी बारीक उतार असतो आणि थरथरणारी तार त्या उतारावर घासत राहते, म्हणून तो भरलेला, झंकारणारा नाद येतो. घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा ती घासण्याची जागा ठरवतो. उतार केसभर चुकला तर दोरा कुठेही सरकवा, उपयोग नाही. पूर्वी घोडीला सांबरशिंग वापरत, आता बहुतेक ठिकाणी फायबर. चाचा कानशीचे चार-दोन हात मारतात, तार चढवतात, सूर लावतात आणि मला म्हणतात, "सा धरा." मी धरते. ते ऐकतात, तार उतरवतात, पुन्हा कानस. असं प्रत्येक तारेचं. "गाणारं माणूस समोर नसंल तर मी हात लावत नाही. कुरिअरनं आलेला तंबोरा तसाच बांधून परत," असं ते मला फार गंभीरपणे म्हणाले.

सकाळी गेलेली मी दिवेलागणीला बाहेर पडले. तंबोरा मात्र असा वाजतोय की साउंडवाला पोरगा पहिल्यांदाच म्हणाला, "ताई, याला माईक जरा लांब ठेवू का?" पैसे आधीच्या दुकानापेक्षा निम्मे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. दौऱ्यावरच्या माणसांच्या ओळखी फार आणि भेटी कमी असतात. आम्ही गाणारे-वाजवणारे वर्षभर एकमेकांच्या एक दिवस पुढे नाहीतर मागे असतो. एखाद्या गावच्या नाट्यगृहात ग्रीनरूमच्या आरशावर कुणाच्या तरी टिकल्या चिकटवलेल्या दिसतात. त्या चॉकलेटी लांबट टिकल्या कुणाच्या हे मला ओळखता येतं, पण ती तोवर पुढच्या मुक्कामी पोचलेली असते. फोन करावा तर ती प्रवासात झोपलेली, आणि तिचा उलटा फोन येतो तेव्हा मी स्टेजवर.

मिरजेत मात्र सगळ्यांना थांबावं लागतं. एक तर हे जंक्शन आहे. पुण्याकडची, कोल्हापूरची, बेळगाव-हुबळीकडची आणि पंढरपूरकडची लाईन इथे एकत्र येते. धारवाडचा गवई मुंबईला निघाला तरी इथून जाणार. त्यात वाद्यांचं गाव. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब इथे सतारी-तंबोरे करायला लागले आणि त्यांचा वारसा गल्लीत अजून चालू आहे. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांनी त्याचा कागद भिंतीवर लावलेला नाही. विचारलं तर म्हणाले, "कागदानं भोपळा वाळतोय व्हय?" भोपळे मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूने येतात. चाचांच्या हिशेबात चांगला वाळलेला, जाड सालीचा भोपळा मिळाला की अर्धा तंबोरा झाला.

तर मी त्या दिवशी पोत्यावर बसून "सा" धरलेला असताना दारात एक ओळखीचा दाढीवाला उभा राहिला आणि कोकणीत ओरडला, "आगो, तूं हांगा कशी?" आमचा गोव्याचा तबलजी. पणजीची कला अकादमी दुरुस्तीसाठी बंद होती तेव्हा आम्ही गोव्यात देवळांच्या मंडपांत एकत्र कार्यक्रम केले, त्यानंतर फारशी गाठ नाही. डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, बदलायला गल्लीच्या पलीकडच्या टोकाला आला होता, माझा आवाज ऐकून आत शिरला. मला बरं वाटलं हे लपवत नाही. तो मात्र लगेच म्हणाला, "आवाज न्हय गो, तू सा लावताना जी खोकतेस ना, ती खोक ओळखली."

आमची शेवटची गाठ कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात पडली होती. ते ऑगस्ट 2024 मध्ये जळालं. 1915 सालची वास्तू, एका रात्रीत गेली. त्याला ते मोबाईलवर फोटो पाहून कळलं होतं. आम्ही दोघं बराच वेळ तिथल्या विंगेबद्दलच बोलत होतो. तिथे कुठे उभं राहिलं की पेटीवाल्याचं बोट दिसायचं, मागचा जिना किती अंधारा होता, असलं. प्रेक्षागृहाविषयी आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत, विंगेतल्या अंधाराविषयी बोलायला विंगेतलाच माणूस लागतो. चाचांचा मुलगा भडंग आणि चहा घेऊन आला. भडंग तिखट होतं, गाणाऱ्यांनी जपून खावं.

दुपारी आणखी एक गंमत झाली. रिक्षातून एक बाई तंबोरा उतरवत होती. खोळ पाहूनच ओळखलं. जुन्या इरकली लुगड्याची, काठ तळाशी आलेला. मी आणि ती गाण्याच्या विशारद परीक्षेला एकत्र होतो, एकाच खोलीवर राहून ताना घोकल्या. ती लग्नानंतर बेळगावला गेली, बँकेत लागली. सासूबाईंना मिरजेत डॉक्टरांकडे दाखवायला आणलं होतं (अर्धा महाराष्ट्र आणि पाऊण बेळगाव इथे दवाखान्यालाच येतं), त्याच फेरीत तंबोरा विकायला घेऊन आली.

मला वाटलं आता ही रडणार. ती अजिबात रडली नाही. "फ्लॅटमध्ये कोपरा अडतो, कामवाली रोज त्याला धडकते, आणि मी रियाज ॲपवर करते," म्हणाली. मी वाद घातला. ती म्हणाली, "तू दौऱ्यात विमानाने जातेस तेव्हा काय वाजवतेस?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पर्समध्ये तंबोऱ्यासारखा सूर देणारी इलेक्ट्रॉनिक डबी होती. मग तबलजीने पोत्यावरच ठेका धरला आणि आम्ही परीक्षेतलाच भीमपलास राग काढला. माझा तंबोरा काळी चारचा, तिची पट्टी त्याहून खालची. तिला वरचा षड्ज लागेना. ती हसत सुटली, सासूबाई रिक्षातून उतरून आत आल्या आणि म्हणाल्या, "हे एवढं येत होतं तर घरी कधी का नाही गायलीस?" त्याचं उत्तर मैत्रिणीने दिलं नाही, मीही मध्ये पडले नाही.

चाचांनी तिचा तंबोरा विकत घेतला. भोपळ्यावर बोटाने टकटक करत एके ठिकाणी थांबले, तिला तिथे कान लावायला सांगितला. आतून बारीक चीर होती. तेवढे पैसे कापले, पण का कापले ते दाखवून कापले. जुनं वाद्य विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, इथे फसवणूक नाही. नवा तंबोरा मला विचाराल तर तीस हजारांच्या पुढे धरून चला.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. खोळ इथून घेऊ नका, चेन दुसऱ्याच मुक्कामाला निसटते. त्यापेक्षा घरच्या लुगड्याची शिवून घ्या. लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास घशात बसतो, त्यामुळे कार्यक्रमाच्या दिवशी जाऊच नका. बायकांसाठी सोय नाही, स्टेशन गाठावं लागतं. कार्ड चालत नाही. आणि चाचा "तासाभरात" म्हणतात त्याचा दिवस कसा होतो ते वर आलंच आहे.

तंबोऱ्याला पॉलिशही करून घेतलंत तर ते वाळेपर्यंत हात लावता येत नाही. तेवढ्या वेळात मिरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन या. तिथे किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. 1937 मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर, पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका छोट्या स्टेशनवर ते वारले आणि त्यांना इथे आणलं. उरुसात तिथे चिंचेखाली गाणं होतं, मोठमोठे येऊन हजेरी लावतात. त्या दिवसांत गल्लीत जवारी वगैरे काही होत नाही, सगळ्या दुकानांत पाहुणे बसलेले असतात. काम असेल तर ते दिवस टाळा. माणसं भेटायची असतील तर तेच दिवस धरा.

माझ्याकडून पाचात साडेचार. अर्धा खोळीचा कापला. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. आणि गोव्याचा दाढीवाला तबलजी तिथे दिसला तर त्याला सांगा, माझ्या डबीचा अडॅप्टर चुकून त्याच्या बॅगेत गेलाय, पुढच्या महिन्यात फोंड्याला कार्यक्रम आहे, तिथे घेऊन ये.