आमच्या नगरपालिकेचं कुत्र्यांचं केंद्र: पाचपैकी तीन तारे, दोन वर्षांपूर्वी एकही दिला नसता

माझी पिठाची गिरणी आहे. सकाळी सातला शटर वर गेलं की नऊपर्यंत चाळीस-पन्नास डबे ओळीनं लागतात. प्रत्येक डब्यात चिठ्ठी असते. आडनाव, धान्य, किती किलो, बारीक की जाडसर. बावीस वर्षांत दोनदाच डबा बदलला आणि दोन्ही वेळा चिठ्ठी पडली होती म्हणूनच बदलला. हे आधी सांगते, कारण कचरा डेपोमागच्या निर्बीजीकरण केंद्राबद्दल मला जे म्हणायचंय ते या चिठ्ठीपाशीच येऊन थांबतं.

२०२३ चा डिसेंबर. गिरणीच्या पायरीवर झोपणारी भटकी कुत्री लाली केंद्राच्या गाडीनं नेली. मला बरंच वाटलं. वर्षाला दोन वेतं, दर वेताला पाच-सहा पिल्लं, आणि त्यातली निम्मी टेम्पोखाली जायची. ती उचलून ओढ्याकाठी पुरायचं काम माझ्याकडेच होतं. नसबंदी व्हायलाच हवी होती.

आठ दिवस झाले तरी ती आली नाही. मी केंद्रावर गेले. फाटकाला आतून कडी, पाटीवरचा नंबर लागत नव्हता. अर्ध्या तासानं रखवालदारमामा आले. म्हणाले, "ताई, त्या सगळ्या परवाच सोडल्या. जिथनं आणल्या तिथंच." वही दाखवा म्हटलं. त्यांनी दाखवली, त्यात त्यांची चूक काहीच नव्हती. त्या तारखेला वहीत एकच ओळ होती: नर ९, मादी १४, एकूण २३. रंग नाही, गल्ली नाही, नंबर नाही.

बाराव्या दिवशी दूधवाल्यानं सांगितलं की लाली बायपासच्या ढाब्यामागे दिसली. गिरणीपासून सात किलोमीटर. टाके उसवलेले, मागच्या पायावर तिथल्या कुत्र्यांचे चावे. गोणपाटात गुंडाळून रिक्षानं आणली. तीन आठवडे खासगी डॉक्टरांकडून ड्रेसिंग केलं, तेव्हा ती जगली.

कुत्रं जिथून उचललं तिथंच सोडायचं, हा नियम २००१ पासून आहे आणि २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तो कायम आहे. बऱ्याच जणांना वाटतं ही फक्त कुत्र्यांवरची दया. तसं नाही. नसबंदी झालेलं, रेबीजची लस टोचलेलं कुत्रं आपली हद्द राखतं. ते हलवलं की मोकळ्या जागी बाहेरची, बिनलशीची कुत्री येतात आणि सगळा खर्च पाण्यात जातो. रेबीज आटोक्यात ठेवायचा तर वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते. गोव्यानं २०१४ पासून दरवर्षी गल्लीगल्लीत फिरून हे करून दाखवलं. कोणत्या गल्लीत किती झाली हेच लिहिलेलं नसेल, तर सत्तर टक्के मोजणार कशाचे? सर्वोच्च न्यायालयाचाही २२ ऑगस्ट २०२५ चा आदेश हेच सांगतो: पिसाळलेली किंवा अंगावर धावून येणारी कुत्री वगळता बाकीची नसबंदी आणि लस करून मूळ जागी सोडा. पुढे नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल वेगळा आदेश आला. म्हणजे आता तर कुठलं कुत्रं कुठून उचललं, ही नोंद दुप्पट महत्त्वाची झाली.

मग गोंधळ का होत होता? माझ्या मते बिलामुळे. काम कंत्राटावर आहे, दर कुत्र्यामागे पैसे. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ते न सडू देणाऱ्या द्रावणात ठेवतात, ते मोजतात आणि त्यावर बिल मंजूर होतं. ही मोजणी हवीच, नाहीतर कागदावरच नसबंदी होईल. पण तिथं मोजणी संपायची. कुत्रं टाके सुकून आपल्या गल्लीत पोचलं का, हे कुणी मोजत नव्हतं. नियमानुसार शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस ठेवायचं असतं. पिंजरे कमी आणि बिल आकड्यावर, मग तिसऱ्या दिवशीच गाडी भरायची आणि जिथं रस्ता मोकळा तिथं उतरवायची.

गेल्या वर्षी नवीन डॉक्टरमॅडम आल्या. मी गिरणीतल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "काकू, चिठ्ठी ओली झाली तर?" मी म्हटलं, झाकणाला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला असतो ना, तसं करा. आता गळ्यात नंबरचा बिल्ला असतो. वहीत नंबर, रंग, नर की मादी, गल्ली, जवळची खूण आणि पकडतानाचा फोटो. सोडताना पुन्हा फोटो, आणि गल्लीतल्या एका माणसाची सही. ती सही नसेल तर देखरेख समिती त्या कुत्र्याचं बिल थांबवते. सगळ्यात मोठा बदल हाच आहे, बाकीचं रंगकाम मागाहून झालं.

जुलैत शेजारच्या आळीतला मोत्या नेला. सहाव्या दिवशी दत्तमंदिराच्या कट्ट्यापाशी, जिथून नेला तिथंच उतरवला. कानाला नसबंदीची खूण म्हणून पाडलेली खाच, टाके कोरडे. सही मी केली.

केंद्र आता रोज अकरा ते एक सगळ्यांना खुलं असतं. पिंजऱ्याखाली लाकडी फळ्या आल्यात, पाणी ताजं असतं, शस्त्रक्रियेच्या खोलीत कॅमेरा आहे. जेवण भात आणि कोंबडीचे पाय. मी दोनदा न सांगता गेले, दोन्ही वेळा पातेलं गरम होतं.

दोन तारे कापले ते पिल्लांसाठी आणि कुत्री पकडणाऱ्या पोरांसाठी. सहा महिन्यांखालची पिल्लं नसबंदीसाठी पकडायचीच नाहीत असा नियम आहे. तरी ऑगस्टमध्ये चार पिल्लं मोठ्या कुत्र्यांशेजारी ठेवलेली मी पाहिली. दोन पार्वोनं, म्हणजे कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य जुलाबानं गेली. फरशी फिनेलनं पुसतात. फिनेलला पार्वोचा विषाणू दाद देत नाही, त्याला ब्लीचिंगच लागतं आणि ते महाग नाही. आजारी जनावरासाठी वेगळी खोली अजून नाही. पत्र्याची जुनी शेड आहे, ती दुरुस्त केली तरी भागेल.

आणि जाळी घेऊन पळणारी ती तीन पोरं. रोज कुत्र्यांच्या तोंडाशी हात असतो त्यांचा, पण चावा होण्याआधी घ्यायची रेबीजची लस तिघांपैकी एकालाच मिळालीय. हे पुढच्या बैठकीपर्यंत थांबवण्यासारखं नाही. मी अर्ज दिलाय, तुम्हीही द्या. अर्जांचा ढीग झाला की फाईल हलते, हे मी पाहिलंय.

तुमच्या गल्लीतलं कुत्रं नेलं तर गाडीची तारीख आणि वेळ लिहून ठेवा, मोबाईलमधला फोटो घेऊन जा आणि पहिल्यांदा बिल्ल्याचा नंबर मागा. फाटकावर आता मामाच वही घेऊन बसतात.