नोटगेल्ड जमवायचंय? चित्रमालिका घ्यावी की १९२३ च्या नोटा?

नोटगेल्ड म्हणजे अडीअडचणीला गावांनी, कंपन्यांनी स्वतःच छापलेला पैसा. पहिल्या महायुद्धात जर्मनीत सुट्या नाण्यांचा दुष्काळ पडला आणि १०, २५, ५० फेनिगच्या (१०० फेनिग म्हणजे एक मार्क) कागदी नोटा सुरू झाल्या. त्यातून पुढे दोन अगदी वेगळे प्रकार निघाले, आणि सुरुवात करणाऱ्याला निवड करावी लागते ती या दोघांत.

पहिला चित्रमालिकांचा, बहर मुख्यतः १९२१ चा. हामेलनच्या नोटांवर उंदीर आणि बासरीवाला, एरफुर्टच्या नोटांवर मार्टिन लूथर. एका मालिकेत पाच-सहा नोटा आणि त्यांतून क्रमाने उलगडणारी गोष्ट! खरं सांगायचं तर यातल्या बऱ्याच नोटांनी दुकानाचा गल्ला पाहिलाच नाही. संग्राहकांचा नाद ओळखून नगरपालिकांनी त्या छापल्या. काहींची मुदत तर विक्रीला येण्याआधीच संपलेली असे. जुलै १९२२ मध्ये सरकारने हा धंदा बंद केला. वापरल्याच न गेल्यामुळे आजही त्या कोऱ्या करकरीत मिळतात. घडी पडलेली, डागाळलेली नोट ‘जुनी आहे, चालायचंच’ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर सरळ नाही म्हणा. अर्धी मालिकाही टाळा; राहिलेली एक नोट शोधणं फार जिकिरीचं असतं. आणि चित्रं गोड असतात असं धरून चालू नका, काही मालिकांत उघड ज्यूद्वेष आहे.

दुसरा प्रकार १९२३ च्या महागाईचा. रक्कम लाखांत, कोटींत, पुढे लाख कोटींत. घाईत छापलेल्या, कित्येक एकाच बाजूने. चित्राला सवडच नव्हती. पण या नोटांनी खरोखर पाव आणि बटाटे विकत घेतले. इथे घडी आणि मळ चालतो, मला तर तो हवासाच वाटतो. थुरिंगिया राज्याच्या १० लाखांच्या नोटेची मांडणी बाउहाउस या कलाशाळेत शिकणाऱ्या हर्बर्ट बायरने केली: चित्र नाही, नुसती ठसठशीत अक्षरं. नोव्हेंबरात रेंटनमार्क हे नवं चलन आलं, तेव्हा एका रेंटनमार्कचा भाव होता १ लाख कोटी कागदी मार्क.

बीलेफेल्ड शहराच्या, रेशमी कापडावर छापलेल्या नोटा सुंदर आहेत, पण महाग. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये.

माझं मत विचाराल तर आधी एका गावाची पूर्ण चित्रमालिका घ्या, मग त्याच गावाची १९२३ ची नोट शोधा. दोन्ही पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, एकाच पानावर लावा.