फोटोपट्टी, तयार तक्ता की मोबाइलवरचा व्हिडिओ?

मुलाला घरातली कामं चित्रं बघून करायला शिकवायची, पण भिंतीवर लावायचं काय? कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी तिन्ही प्रकार करून झाले. लेक नऊ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे आणि वाचताना अजून अडखळतो.

विकतचा तक्ता देखणा असतो. पण पानं मांडायच्या चित्रात काचेची प्लेट नि काटा-चमचा! आमच्याकडे स्टीलची ताटं, रविवारी तांबड्या-पांढऱ्याला दोन-दोन वाट्या. चित्रातली प्लेट म्हणजे आपलं ताट, हे ज्याला जुळवता येतं त्याला तक्ता चालतो. आमच्या लेकाला ते जुळलं नाही. नीट वाचणाऱ्या मुलाला तर हाताने लिहिलेली यादीही पुरते.

आमचं काम झालं ते फोटोपट्टीनं. आपलीच मांडणी, आपलीच ताटं, कामाच्या एकेका पायरीचा एक फोटो, त्यात फक्त हात नि वस्तू. लॅमिनेट करून वेल्क्रोनं वरून खाली ओळीनं लावायचे आणि तळाशी ‘झालं’ची पिशवी. ताटं मांडली की तो फोटो पिशवीत. ही पिशवी गाळू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९७२ पासून राज्यभर चालणाऱ्या, ऑटिझम असणाऱ्यांसाठीच्या ‘टीच’ (TEACCH) कार्यक्रमात कामाची मांडणीच अशी करतात, की काय करायचं, किती करायचं, संपलं कसं कळणार आणि पुढे काय, हे मुलाला न विचारता दिसावं. पिशवीमुळे ‘किती उरलं’ हे डोळ्यांसमोर राहतं.

घडी घालणं, कणीक मळणं अशा कामांत फोटो तोकडा पडतो, कारण तिथं हाताची चाल दिसायला हवी. त्यासाठी व्हिडिओच बरा. करणाऱ्याच्या नजरेतून, अर्ध्या मिनिटाचा काढा. अडचण एकच, मोबाइल हातात आला की कार्टून सुरू होतं. म्हणून व्हिडिओ आधी दाखवून फोन बाजूला ठेवायचा.

काहीही निवडा, माझी चूक मात्र करू नका. मी पट्टी लावली आणि वर “अरे बाळा, पुढचा बघ की!” म्हणत राहिले. तो फोटोची नव्हे, माझ्या आवाजाची वाट बघायला लागला. मग मागे उभं राहून, न बोलता नुसतं बोट फोटोकडे न्यायला लागले. दोन महिने गेले.

जमायला लागलं की पट्टी एकदम उतरवू नका, एकेक फोटो कमी करा. आमच्या पाचातले आता दोन उरलेत. वाट्यांचा अजून काढता येत नाही. तो काढला की वाट्या मांडायच्या राहतातच.