स्लीप लॅबचा रिव्ह्यू: झोपेला चार स्टार, स्वप्नांना दीड

मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या स्लीप लॅबचा, म्हणजे अंगाला वायरी लावून रात्रभर झोपवतात आणि झोप तपासतात त्या जागेचा, हा रिव्ह्यू आहे. नाव देत नाहीये, कारण माझी खरी तक्रार तिथल्या माणसांबद्दल नाहीच, सकाळी हातात दिलेल्या एका फॉर्मबद्दल आहे आणि तो फॉर्म उद्या दुसऱ्या लॅबमध्येही मिळू शकतो. मी ऑटिस्टिक आहे, डायग्नोसिस मोठेपणी झालं, आणि झोप लागायला रात्रीचे दोन-तीन वाजणं हे माझं कॉलेजपासूनचं आहे. दादा ऑटिस्टिक नाही, पण त्याच्या घोरण्याने वहिनी हॉलमध्ये झोपायला लागली म्हणून आधी तो ही टेस्ट करून आला आणि मग त्याच्याच लॅबमध्ये मी. त्यामुळे एकाच घरातली दोन माणसं, तीच खोली, तोच फॉर्म, असा कंपॅरिझन आयता मिळाला.

खर्च दहा हजाराच्या वर जातो, इन्शुरन्सचं आधी विचारून घ्या. रात्री नऊला बोलावतात, केसाला तेल न लावता या म्हणतात. खोली हॉटेलसारखी केलेली आहे, एसी मस्त, पण बाहेर हायवे आहे आणि खिडकीची काच बारीक थरथरते, दादाला ती ऐकूच आली नाही, मला रात्रभर तीच ऐकू आली. डोक्याला पेस्टने इलेक्ट्रोड, डोळ्यांच्या बाजूला दोन, हनुवटीवर, पायांवर, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकात नळी, बोटाला क्लिप. इथे लॅबला पूर्ण मार्क, कारण मी आधीच सांगितलं होतं की अचानक हात लावलेला मला चालत नाही, तर तो टेक्निशियन मुलगा प्रत्येक वेळी "मॅडम, आता कपाळावर लावतोय", "आता चिकटपट्टी ओढतोय" असं सांगून मगच हात लावत होता. कोणी शिकवलं नव्हतं त्याला, मी विचारलं. नाकातली नळी मात्र भयंकर आहे, ती कोणालाच आवडत नाही, दादालाही नाही.

आता मुद्द्याचं. बुकिंगच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की झोपेबरोबर स्वप्नांचीही नोंद घेऊ, तुमच्या केसमध्ये ते इंटरेस्टिंग आहे. मी खूश झाले, कारण हा विषय मी बरीच वर्षं वाचतेय. आणि पहाटे साडेपाचला दारावर टकटक. का, तर साडेसहाला पुढची शिफ्ट येते आणि खोली साफ करायची असते.

हे स्वप्नांच्या दृष्टीने किती चुकीचं आहे ते सांगते. झोपेची सायकल साधारण दीड तासाची असते आणि तिच्यातला रेम हा टप्पा, ज्यात डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात, तो रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात लांबत जातो. आणि स्वप्नं मुख्यतः याच टप्प्यात सापडतात, 1953 मध्ये शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी हे दाखवलं, डोळे फिरत असताना लोकांना 27 वेळा उठवलं तर 20 वेळा व्यवस्थित तपशीलवार स्वप्न सांगितलं गेलं, आणि डोळे शांत असताना उठवलं तर बहुतेक वेळा काहीच आठवलं नाही. म्हणजे स्वप्न हवं असेल तर स्क्रीनवर रेम दिसत असताना उठवा आणि लगेच विचारा. मला तीनला झोप लागलेली, साडेपाचला उठवलं, म्हणजे सगळ्यात लांब रेम जिथे यायचा तिथेच कात्री. बरं, उठवल्यावर लगेच विचारलंही नाही. आधी वायरी काढल्या, मग बाथरूम, मग चहा, आणि चहाबरोबर फॉर्म. "मॅडम, काही स्वप्न-बिप्न पडलं असेल तर भरा."

फॉर्मवर होतं: स्वप्नात कोण कोण होतं? त्यांच्याशी काय बोलणं झालं? तुम्हाला काय वाटलं, आणि खाली चौकोन, आनंद, भीती, राग, दुःख. संपलं.

माझं स्वप्न असं होतं की दादर स्टेशनचा पूल आहे, पूर्ण रिकामा, जे खऱ्या आयुष्यात शक्य नाही, आणि खाली सगळ्या प्लॅटफॉर्मचे इंडिकेटर एकच वेळ दाखवतायत, पिवळी अक्षरं, पण मिनिटांचा आकडा उलटा मोजतोय आणि पायऱ्यांच्या कडेची लोखंडी पट्टी पावसाने ओली आहे आणि तिचा थंडपणा चपलेतून कळतोय, अनाउन्समेंटचा सूर बरोबर आहे पण स्टेशनांची नावं नाहीत, नुसता सूर. आता हे कुठे लिहू? कोण होतं, कोणी नाही. बोलणं, नाही. काय वाटलं, मला खरंच माहीत नाही, थंड वाटलं. सगळं कोरं ठेवून दिलं आणि रिपोर्टमध्ये एका ओळीत आलं की ड्रीम रिकॉल (स्वप्न आठवणं) कमी, भावनिक आशय नाही.

दादाचा फॉर्म मागच्या बाजूला लिहिण्याइतका भरलेला. त्याच्या स्वप्नात मामा, आई, ऑफिसचा बॉस आणि कोणाचं तरी लग्न, हॉलचं भाडं कोण देणार यावरून भांडण, मग तो रडतो, मग सगळे पंगतीला बसतात. टीव्हीवरची मालिका बघतेय असं वाटलं मला वाचताना. त्याला विचारलं हॉलचा रंग काय होता, फरशी कसली होती, तर म्हणे "अगं कोण बघतं फरशी?"

माझ्या रिपोर्टमधली ती ओळ अगदीच हवेतून आलेली नाही हेही सांगायला हवं. मॉन्ट्रियलच्या एका टीमने 2008 मध्ये अभ्यास छापला, 28 ऑटिस्टिक तरुण आणि 79 इतर, प्रश्नावलीत ऑटिस्टिक लोकांनी स्वप्नं कमी आठवतात, वाईट स्वप्नं कमी, भावना कमी असं सांगितलं. मग त्यातल्या 17 ऑटिस्टिक आणि 11 इतर लोकांना लॅबमध्ये नीट रेममधून उठवून विचारलं, तेव्हाही ऑटिस्टिक लोकांची वर्णनं छोटी निघाली, त्यात माणसं कमी, एकमेकांशी वागणं-बोलणं कमी, भावना कमी. पण थांबा, जागा आणि वस्तूसुद्धा कमी! हे माझ्या दादरच्या पुलाशी अजिबात जुळत नाही. मला विचाराल तर इथेच खरी मेख आहे, वर्णनच छोटं असेल तर त्यात सगळंच कमी भरणार ना. पहाटे झोपेतून उठवलेल्या माणसाला अनोळखी माणसासमोर ताबडतोब बोलायला सांगितलं, तर आमच्यातले कितीतरी जण दोन वाक्यांत उरकतील. स्वप्न छोटं होतं की सांगणं छोटं होतं, हे त्यावरून कसं कळणार? आणि 17 माणसं म्हणजे आमच्या सोसायटीच्या एका विंगमध्ये मावतील इतकी.

भावनांचा कॉलम तर वेगळाच घोळ आहे. अलेक्सिथायमिया नावाची एक गोष्ट असते, आपल्याला आत काय वाटतंय ते ओळखायला आणि सांगायला जड जाणं, ती ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांमध्ये सापडते, बाकी लोकांत खूपच कमी. मला जागेपणी दुपारी तीन वाजता विचारलं की काय वाटतंय तर मी आधी पोट तपासते, भूक आहे की टेन्शन, मग स्वप्नाचं काय सांगणार. चौकोन रिकामा म्हणजे भावना नव्हती असं लिहिणं हा लॅबचा आळस आहे, दुसरं काही नाही.

अर्थात फरक फक्त सांगण्यात आहे असंही मी म्हणणार नाही, कारण झोपेच्या रेकॉर्डिंगमध्येच काही गोष्टी वेगळ्या सापडल्यात. 2010 मध्ये अमेरिकेत लहान मुलांवर झालेल्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांच्या झोपेत रेमचा वाटा इतर मुलांपेक्षा कमी निघाला. त्यामुळे स्वप्नं मुळातच वेगळी असू शकतात, मला त्याचा राग नाही, मला फक्त नीट विचारलं जायला हवंय.

अजून एक राहिलेली गोष्ट म्हणजे औषधं. अँग्झायटीसाठी आमच्यातले बरेच जण एसएसआरआय (डिप्रेशन-अँग्झायटीवरच्या गोळ्यांचा एक प्रकार) घेतात आणि ती औषधं रेम दाबतात, हे झोपेच्या डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. तरी आधी भरून घेतात त्या इनटेक फॉर्मवर फक्त बीपी आणि शुगरच्या गोळ्यांचा रकाना. मी माझी गोळी स्वतःहून सांगितली म्हणून नोंद झाली. तुम्हीही सांगा, आणि टेस्टसाठी म्हणून गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

झोपेच्या बाजूने मात्र पैसे वसूल. दादाचा एएचआय, म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा, 30च्या वर आला, म्हणजे सिव्हिअर ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार), आता सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र, लावून झोपतो आणि वहिनी बेडरूममध्ये परत आलीये. माझा श्वास ठीक निघाला, पायांच्या हालचाली ठीक, झोपेचं घड्याळ उशिरा सरकलंय हे डॉक्टरांनी आलेख समोर ठेवून समजावलं, घाई न करता. फॉलोअपला मी फॉर्मबद्दल बोलले तर त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले लिहून द्या कसा हवा. लिहून दिलाय: आधी "काय दिसलं, काय ऐकू आलं, अंगाला काय जाणवलं", माणसं आणि भावना नंतर, आणि बोलण्याऐवजी टाइप करायची किंवा चित्र काढायची सोय. वापरतात का ते बघू.

जाणार असाल तर स्वतःची उशी आणि चादर न्या, चालतं. सकाळी किती वाजता उठवणार ते बुकिंगलाच विचारा आणि उशिराचा स्लॉट मागा, रविवारी मिळतो असं रिसेप्शनच्या ताई म्हणाल्या. फोन उशाशी ठेवा आणि वायरी काढायच्या आधी, टेक्निशियनला दोन मिनिटं थांबवून, जे दिसलं ते जसंच्या तसं रेकॉर्ड करा, तो फॉर्म येईपर्यंत निम्मं उडून जातं. आणि पेस्ट एका शाम्पूत निघत नाही, कोमट पाणी आणि कंडिशनर लावून बसा, त्या दिवशी ऑफिसला दांडी मारलेली बरी.