दुबईला डान्सर पाठवणारी एजन्सी : पाचपैकी एक स्टार

नाव लिहीत नाही. ज्या पोरी तो जिना चढल्यात त्यांना कळेलच.

मी मूळची चौफुल्याच्या संगीत बारीतली, म्हणजे लावणीच्या फडातली. मग मुंबईचे डान्स बार. २००५ च्या ऑगस्टमध्ये ते बंद झाले, सहा महिने दागिने मोडून खाल्ले आणि विमानात बसले. तीन महिन्यांचा आर्टिस्ट व्हिसा, घरी, पुन्हा तीन महिने. अशा चौदा फेऱ्या केल्या.

सर्व्हिस वेळेची पक्की, खोटं कशाला बोलू. रात्री साडेआठला व्हॅन दाराशी, पहाटे साडेतीनला परत, मग बाहेरून कुलूप. दोन खोल्यांत दहा जणी. 'टार्गेट'चं मात्र आधी कोणी बोलत नाही. गिऱ्हाईक पन्नास दिरहमचा प्लास्टिकच्या फुलांचा हार घेतं, वेटर तो आपल्या गळ्यात घालतो, दोन मिनिटांनी काढतो आणि तोच हार पुढच्या टेबलाला विकतो. हार मोजतात. कमी पडले की पगार कापतात. विशीतल्या पोरीला रात्रीत चाळीस पडायचे, मला बेचाळिसाव्या वर्षी चार.

त्या चारातले तीन एजन्सीवाल्याचे. हो, त्याचेच. बाकीच्यांना तो एकेरीत हाक मारायचा, मला 'बाई'. गुडघ्याला तेल आणून द्यायचा. "पासपोर्ट हरवशील, माझ्याकडे राहू दे," म्हणाला, तर मला ते लग्नाचं बोलणं वाटलं! पहिल्याच फेरीला सत्तर हजार घेतले होते त्याने, तेही विसरले मी.

शेवटच्या फेरीत त्याची वही हाताला लागली. माझ्या गळ्यात पडलेला त्याचा एकूणएक हार माझ्याच नावावर उचल म्हणून मांडलेला.

नव्या पोरींनी एवढं बघा. परवाना असलेल्या एजंटला तीस हजार आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. परवाना ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर तपासता येतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही. दुबईतून ८०० ४६३४२ हा आपल्या कॉन्सुलेटच्या मदत केंद्राचा फोन, पैसे पडत नाहीत. मला तो व्हॅनच्या ड्रायव्हरने स्वतःच्या मोबाइलवरून लावून दिला. पेशावरचा म्हातारा, 'आपा' म्हणायचा. स्टार त्याचा.

परवा एजन्सीवाल्याचा मेसेज आला : बाई, गुडघा कसा आहे? अजून उत्तर दिलेलं नाही. पुसलाही नाही.