खुराड्यातल्या गोचिडांवर निंबोळी अर्क की चुना?

दहा-पंधरा गावरान कोंबड्या, दगड-मातीचं किंवा तुराट्यांच्या कुडाचं खुराडं, आणि अंड्यांच्या आसपास विषारी पावडर नको, एवढं ठरलं असेल तर प्रश्न दोन गोष्टींवर येऊन थांबतो. निंबोळीचा अर्क फवारायचा की चुना मारायचा? दोन्ही गावात सहज मिळतं आणि दोन्हीला फार पैसे लागत नाहीत. माझा कल चुन्याकडे आहे. पण काही खुराड्यांना अर्कच बरा, हेही खरं.

आधी कीड ओळखावी, कारण उवांसाठी या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. उवा जन्मभर कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसं फुंकर मारून उघडली की पिसांच्या बुडाशी पांढरट लिखांचे झुबके दिसतात. त्यावर राखेचं अंघोळीचं ठिकाण करून द्यावं. दोन घमेली बारीक कोरडी माती, एक घमेलं चाळलेली लाकडाची राख आणि दोन-तीन ओंजळी वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा एकत्र करून वीतभर खोल खड्ड्यात भरायचं. वर पत्रा हवा, कारण राख भिजली की दाहक होते आणि कोंबडीच्या पायांना लागते. नुसती राख भरू नये, तिची धूळ कोंबडीच्या छातीत जाते.

गोचीड आणि तांबडे बारीक माईट (रक्त पिणारे किडे) यांची गोष्ट उलटी आहे. दिवसा कोंबडी कितीही तपासा, मोठी गोचीड सापडत नाही. ती भेगेत असते, रात्री बाहेर येते, रक्त पिते आणि उजाडायच्या आत परत जाते. अंगावर दिसतात ती फक्त पिल्लं, पंखाखाली चिकटलेल्या काळपट-निळसर दाण्यांसारखी. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरायला कुरकुरत असतील, बाभळीवर नाहीतर लिंबाच्या झाडावर बसत असतील, तुरा फिका पडला असेल, अंड्यांवर बसलेली खुडूक मधेच उठून जात असेल, तर रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जावं. बसायच्या दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवावं. फडक्यावर रक्ताच्या तांबड्या रेघा उमटल्या तर माईट आहेत. गोचिडीसाठी दांडीची टोकं भिंतीत जिथे घुसतात ती भोकं बघावी. कुड असेल तर जिथे दोन तुराट्या काथ्याने बांधल्यात ती गाठ सोडून बघावी. तुरीच्या दाण्याएवढ्या, चपट्या, काळपट-तांबूस गोचिडी एकीला एक चिकटून बसलेल्या असतात.

खुराडं दोन महिने रिकामं ठेवलं की गोचीड उपाशी मरते, असं सांगितलं जातं. कोंबड्यांची मोठी गोचीड वर्षभराहून जास्त काळ उपाशी राहू शकते, त्यामुळे तो मार्ग सोडून द्यावा.

अर्काचं प्रमाण कापसावर फवारणाऱ्याला पाठच असतं, ५ टक्के. १० लिटरला अर्धा किलो निंबोळी. पावसाळ्याच्या तोंडाला पडलेल्या निंबोळ्या गर काढून सावलीत वाळवायच्या आणि लागतील तेव्हाच कुटायच्या, आधीच भरडून ठेवलेल्यांचा जोर कमी होतो. भरड जुन्या धोतराच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर ५ लिटर पाण्यात ठेवायची. सकाळी पाणी दुधाळ होईपर्यंत पुरचुंडी पिळायची, दोनदा गाळायचं, २० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून टाकायचा आणि पाणी १० लिटर करायचं. एकदाच गाळलं तर भरडीचे तंतू पंपाच्या नोझलमध्ये अडकतात. शेतात उन्हाने अर्काचा असर जातो म्हणून संध्याकाळी फवारतात. खुराड्यात ऊन येत नाही, तिथे कोंबड्या बाहेर सोडल्यावर सकाळीच फवारावं, म्हणजे रात्रीपर्यंत जागा सुकते. उरलेला अर्क दुसऱ्या दिवशी वापरू नये, तो आंबतो.

तयार निंबोळी तेल घेतलं तर लिटरला १० मिली. आधी कोमट पाण्यात साबण, मग तेल. उलटं केलं तर तेल वर तरंगतं आणि पंपातून आधी नुसतं पाणी येतं. परभणीकडच्या पौष-माघातल्या सकाळी हे तेल बाटलीतच थिजतं, बाटली कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय ओतता येत नाही.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावर झाला नाही. मला अर्काचा सातवा दिवस जड गेला. निंबोळी मोठ्या गोचिडीला जागेवर मारत नाही, तिची कात टाकण्याची आणि अंडी घालण्याची घडी बिघडवते. म्हणून ती सात-सात दिवसांनी निदान तीनदा फवारावी लागते. गरम हवेत तांबड्या माईटचं अंड्यापासून मोठा होण्याचं चक्र आठवडाभरात पुरं होतं. एक फेरी चुकली की नवी पिढी अंडी घालते आणि आपण पुन्हा पहिल्या फेरीवर येतो. प्रत्येक फेरीच्या आदल्या रात्री निंबोळी भिजत घालायची आठवण राहिली पाहिजे, ते वेगळंच. सोयाबीनची काढणी, मळणी, लगेच ज्वारीची पेरणी, वर कापसाची वेचणी, अशा दिवसांत घरातलं कोण हा सातवा दिवस लक्षात ठेवणार? माझ्या अनुभवात दुसरी फेरी होते, तिसरी राहते. औषधाचा यात दोष नाही, पण गोचीड राहते ती राहतेच.

चुन्याला तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. घटस्थापनेच्या आधी घर झाडून-धुऊन निघतं, भिंतींना चुना लागतो, त्याच बादलीत खुराड्याचाही चुना निघतो. दुसरा हात पाडव्यानंतर, चैत्र-वैशाखाच्या उन्हात. वर्षातून दोनदा, एवढंच.

पण चुना म्हणजे भिंत पांढरी करणं नव्हे. तो विषासारखा मारत नाही. ताजा असेपर्यंत भाजतो आणि वाळल्यावर भेग बुजवून आत असलेल्याला आतच कोंडतो. म्हणून खरं काम कुंचला हातात घेण्याआधीचं आहे. खुराड्यातला भुसा-पाचट काढून लांब नेऊन जाळायचं. दांड्या उपसून काढायच्या. सगळ्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, त्यात अंडीही मरतात. मग एक भाग चुना आणि तीन भाग बारीक वाळूचा घट्ट गारा करून प्रत्येक भेग बोटाने दाबून भरायची. कुड असेल तर शेणमातीचं लिंपण आधी, चुना त्यावर. उघड्या तुराट्यांवर चुना टिकत नाही.

कळीचाच चुना, म्हणजे न विझवलेल्या चुन्याचे खडे, घ्यावा. उघड्या पोत्यातली जुनी भुकटी हवेने मेलेली असते, पाण्यात टाकल्यावर गरम होत नाही, तीच तिची खूण. लोखंडी बादलीत ८ लिटर पाणी घेऊन त्यात २ किलो कळी थोडी थोडी सोडायची. कळीवर पाणी ओतू नये, उकळून अंगावर उडतं. प्लॅस्टिकची बादली नको, डोळ्यांना चष्मा हवा आणि लेकरं लांब हवीत. रात्रभर मुरू द्यायचा, फडक्याने गाळायचा. चिकटण्यासाठी मीठ घालायची पद्धत आहे, पण कोंबड्या पापुद्रे टोचून खातात, तेव्हा मूठभराच्या वर नको. चार बाय सहाच्या खुराड्याला दोन हात पुरतात. पहिला उभा, दुसऱ्या दिवशी दुसरा आडवा. कोंबड्या निदान दोन रात्री डालग्याखाली ठेवाव्यात, ओला चुना पाय आणि डोळे भाजतो.

चुना कुठे उपयोगाचा नाही तेही सांगतो. गुळगुळीत पत्र्यावर आणि जाळीवर तो धरत नाही, महिन्यात पापुद्रे पडतात. तिथे गोचीड पत्र्याच्या जोडात आणि नट-बोल्टाच्या मागे लपते, तिथे अर्कच मारावा. श्रावण-भाद्रपदाच्या झडीत चुना वाळत नाही, त्या दिवसांतही अर्क. कोंबडी अंड्यांवर बसलेली असेल तर दोन्ही थांबवून फक्त टोपलीतलं पाचट बदलावं आणि खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. एक-दोन वर्षांत खुराडं हलवायचं असेल, तर भेगा बुजवण्याचे कष्ट घेण्यापेक्षा सातवा दिवस पाळणंच स्वस्त पडेल, आणि घरात तो पाळणारं माणूस असेल तर माझी अर्काबद्दलची तक्रार उरत नाही.

तंबाखूचं पाणी आणि रॉकेल हेही घरगुती म्हणून सुचवले जातात. तंबाखूतलं निकोटिन कोंबडीला विष आहे आणि रॉकेलने कातडी भाजते. दोन्ही टाळावेत.

चुना मारल्यावर जुन्या दांड्या पुन्हा भोकात ठोकू नयेत. भोकं बुजवून टाकावीत आणि दांडी दोन बेचक्यांवर, भिंतीपासून चार बोटं सोडून, नुसती ठेवावी. म्हणजे पंधरा दिवसांनी ती उचलून उन्हात टाकता येते आणि बेचक्यात गोचीड आहे का ते एका नजरेत दिसतं.